तिसरा रकाना

इंदूरहून सांवेरकडे निघालं, खान नदीचा वास मागे पडला
की आमचे सहा बिघे लागतात. काळी माती,
एक विहीर, दोन म्हशी, आणि वहीत
मी आखलेला तिसरा रकाना.

खर्च आणि जमा, हे दोन मामंजींच्या हातचे,
तीस वर्षं एकाच तिरप्या अक्षरात:
सोयाबीनचं बियाणं, डिझेल, मंडीची तोलाई,
लसूण, भाव पडला. खाली दोन रेघा.
खजुरी बाजारातून लग्न होऊन आले, बी.कॉम.,
तेव्हा फक्त बेरीज तपासायला वही मागितली होती.

तिसऱ्याला नाव सुचेना.
'राहिलं' असं लिहिलं.
मुगाची मुळं, राहिली.
बांधावरच्या तुरीचा पाला, राहिला.
विहीर, अक्षय तृतीयेला: अकरा हात पाणी.
नरवाई जाळली नाही.
श्रावणात, फावडाभर मातीत गांडुळं: शून्य.

मामंजी चष्मा वर सारून म्हणाले,
शून्य लिहायला शाई कशाला?
भेरूलाल आंजना ओट्यावरून हसला,
'लाडी, गांडुळांचा मंडीत काय भाव?'
म्हटलं, 'आवक नाही.'

पुढच्या चैत्रात त्याने आपली नरवाई पेटवली,
दरसालसारखी, ठरवून.
वाऱ्याचं काही ठरलेलं नव्हतं.
ओली पोती, कडुनिंबाच्या फांद्या,
हे, दीर, मी, आणि धुरात
खोकत खोकत भेरूलालसुद्धा,
आमच्या बाजूने झोडपणारा.
सात ओळी गेल्या.
मग सगळ्यांनी चहा घेतला.
तो कुठल्या रकान्यात मांडावा, कळेना.

चार वर्षं झाली. लसणाने पुन्हा फसवलं.
दोन बिघे आता कठियाला देतो,
एक-दोन पाण्यांवर येणारा गहू.
दीर म्हणतात, पोती कमी भरतात.
खरंच कमी भरतात. तेही लिहिलंय,
दुसऱ्या रकान्यात, त्यांच्याच समोर.

काल सोयाबीन निघाल्यावर
मामंजी एकटेच शेतात उकिडवे बसलेले.
फावडं एकदा मारलं, ढेकूळ हातात फोडलं,
आणि बोटाने मोजत राहिले
ओठ हलवत, पाढे म्हणणाऱ्या पोरासारखे,
मध्येच चुकून पुन्हा पहिल्यापासून.
मग तिथूनच हाक:
'लिही, साडेअकरा.'
'साडे?'
'एक फावड्याखाली आलं.
हिशेब म्हणजे हिशेब.'