अंगी लागणं

सदरच्या आमलेटच्या गाडीवरचा इस्राईलभाई
रात्री साडेअकराला तवा घासतो
आणि दिवसभराची टरफलं माझ्यासाठी पिशवीत बांधून ठेवतो.
पहिल्यांदा त्यानं विचारलं होतं,
"झाडांना घालता का मॅडम?"
हाडांना, मी म्हटलं.
"तेच तं, झाडांना," तो म्हणाला, आणि गाठ मारली.

टरफलं उकळते, आतला पापुद्रा सोलते,
नऊशे अंशांवर भाजते.
मे महिन्यात नागपुरात आणखी एक भट्टी पेटवणं
हा निव्वळ आगाऊपणा, असं खापेकर सरांचं मत.
पण चुना पडतो लख्ख,
त्यात आम्ल थेंबाथेंबानं,
आणि तळाशी जे बसतं ते हाडातलंच खनिज,
चिमटीत रांगोळीसारखं.

नुसतं खनिज ठिसूळ. बोटानं दाबलं की भुगा.
म्हणून टसर.
आरमोरीहून कोष येतात पोत्यातून.
सोड्यात शिजवून त्यांचा डिंक काढायचा,
हे मला कुठल्या प्रयोगशाळेनं शिकवलं नाही.
पाचपावलीत आमच्या मागाच्या खड्ड्याशेजारी
हाच वास असायचा,
माझ्या दप्तरालाही.
बाकावरची पोरगी सरकून बसायची.

रेशमात खनिज कालवते, वर मीठ,
चाळून घेतलेलं, एका मापाचं.
साचा वाळला की दोन दिवस पाण्यात.
मीठ निघून जातं, त्याच्या खोल्या राहतात.
त्या खोल्यांत पेशींनी यायचं, बिऱ्हाड मांडायचं,
आणि भिंती हळूहळू खाऊन टाकायच्या.
ऐंशी टक्के पोकळी, असं प्रबंधात आहे.
बाबांना वाचून दाखवलं.
"मंग त्यात नवं काय?" ते म्हणाले,
"कापड म्हंजे भोकंच असते पोरी,
दोऱ्यानं बांधून ठेवलेली."

प्रबंधात मी जैव-अनुरूपता लिहिते.
आईचा शब्द बरा आहे: अंगी लागणं.
अंगी लागलेलं जेवण कुठं दिसत नाही,
लेकरूच दिसते.

सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक कॉलेजात
सात नंबरची बकरी.
मागच्या पायाच्या हाडात दीड सेंटिमीटरचं खिंडार,
ते आम्हीच पाडलेलं,
भरायला काहीतरी हवं म्हणून.
बारसू मडावीनं नियम मोडून तिला टिकली म्हणायला सुरुवात केली,
गळ्यात घुंगरू बांधलं.
तीन पायांवर पंधरा दिवस.
पाचव्या आठवड्यात तिनं खूर टेकवला, उचलला,
परत टेकवला.
नवव्यात कूलरच्या स्टँडवर चढून
वाळ्याची अख्खी ताटी खाल्ली.
बारसूनं मला फोन करून सांगितलं,
जसं काही पहिला नंबर आला.

बाराव्या आठवड्याचा एक्स-रे
खिडकीच्या उन्हात धरला.
माझं तीन वर्षांचं काम त्यात कुठेच नव्हतं.
एक सरळ हाड होतं.

पण एक्स-रे म्हणजे सावली.
आत काय झालं ते बघायचं तर आत जावं लागतं.
समितीकडच्या अर्जात ते पहिल्या दिवसापासून होतं,
पान चौदा,
खाली माझी सही.

काचपट्टीवर गुलाबी-निळं नवं हाड,
आणि एका कोपऱ्यात एक धागा,
न विरघळलेला,
चहूबाजूंनी हाडानं कवेत घेतलेला.
सर दोनदा वाकून बघून गेले.
सुंदर, म्हणाले. ते होतंच.

संध्याकाळी बारसू दारात उभा.
आत आला नाही.
"पाय बरा झाला होता का, मॅडम?"
हो.
"पुरा?"
पुरा.
त्यानं मान हलवली,
खूप वेळ टाइल्सकडे पाहत राहिला
आणि जायला निघाला.

घुंगरू त्याच्या खिशात होतं.
जिन्यावर प्रत्येक पायरीला वाजलं.