स्टेपनीतली हवा

पहिली नियमावली एका पानाची होती.
आकुर्डीच्या कारखान्यात, इन्स्पेक्शन खात्याच्या टाइपरायटरवर
जेवणाच्या सुट्टीत मीच ती बडवली:
स्कूटर शोरूममधून निघते तशीच असावी.
स्टेपनीसह.
वाटलं, झालं. याहून जास्त काय सांगायचं असतं माणसांना?

हसन तांबोळीनं ते पान
भवानी पेठेतल्या गॅरेजात खिळ्याला टांगलं
आणि रोज सकाळी वाचलं,
भाडेकरू करारपत्र वाचतो तसं:
काय लिहिलंय ते नाही,
काय लिहायचं राहिलंय ते.

त्या वर्षी त्याच्या स्टेपनीत हवा होती.
अगदी नियमाप्रमाणे होती.
फक्त एका बारीक नळीतून ती
कार्बोरेटरच्या तोंडाशी सुटत होती,
आणि त्याचा भाचा यासीन
सरळ पट्ट्यावर सगळ्यांना धूळ चारून गेला.
"साहेब, स्टेपनी हवी असं तुम्हीच लिहिलंत.
पंक्चर नसावी असं कुठंय?"
हशा पिकला. मी चष्मा पुसला.
सोमवारी टाइप केलं:
स्टेपनीत हवा असावी.
ती शर्यत संपेपर्यंत स्टेपनीतच असावी.

मग वजन.
काट्यावर स्कूटर बरोबर भरली, किलोला किलो.
फूटबोर्डाखालच्या नळीत नदीची वाळू होती
आणि नळीला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक.
मातीच्या ट्रॅकवर माती सांडलेली कुणाला दिसते?
मला दिसली. मुरमाच्या तांबड्यावर
काळसर रेघ, रांगोळीची चिमूट सुटावी तशी,
वळणात आत शिरून अलगद बाहेर पडणारी.
वजन शर्यतीनंतरही करावे, असं मी लिहिलं खरं,
पण ती रेघ पुसायला कुणाला सांगितलं नाही.
पुढच्या रविवारी सगळी पोरं
तिच्यावरून वळण घ्यायला शिकत होती.

डांबराच्या गोळ्यांमुळे नियम नऊ:
पेट्रोल आयोजक देतील.
नऊमुळे दहा:
दिलेले पेट्रोल थंड करू नये
(माठ, ओले गोणपाट, कुल्फीची पेटी यांसह).
बाहेरगावची पोरं कंसापाशी थांबत,
एकमेकांना कोपरानं ढोसत.
एकतीस पानं झाली.
क्लबात म्हणायचे, दिवेकरांनी लिहिली.
सांगितली त्यानं. मी शुद्धलेखन पाहिलं.

शेवटच्या शर्यतीत यासीन
अर्ध्या फेरीनं पुढे आला.
अर्धी फेरी! मी स्कूटर ताब्यात घेतली.
तंबूत कंदील लावून उघडत गेलो,
हेड, बॅरल, पिस्टन, क्लचच्या चकत्या,
व्हर्निअर लावला, मायक्रोमीटर लावला,
सायलेन्सरमध्ये तार घातली,
स्टेपनीचा वास घेतला.
काही नाही.
शोरूममधून निघते तशीच होती.
हसन खुर्चीवर बसून चहात खारी बुडवत होता.
"पोराला चालवता यायला लागली, साहेब.
याला कुठला नियम?"

रात्रीचे अकरा वाजले होते.
चादरीवर एकशे चाळीस तुकडे,
आणि तो म्हणाला, "जोडा आता."
आयुष्यभर मी मोजलं होतं.
जोडलं कधीच नव्हतं.
त्याचे हात तेव्हाच थरथरायला लागले होते,
म्हणून त्यानं नुसतं बोट दाखवलं:
हा आधी. अहो, उलटा नाही. दाबू नका, बसेल तो.
त्याला बसायचंच असतं, आपण वाट द्यायची.

पहाटे तीनला पहिल्या किकला सुरू झाली.
जुन्या बाजाराकडून चार कुत्री भुंकली.

नियम बावीस: तपासनिसाने उघडलेले इंजिन
तपासनिसानेच जोडून द्यावे.

एक वॉशर उरला होता.
हसनला दिसला. मलाही दिसला.
दोघेही काही बोललो नाही.
पुढच्या काट्यावर ती स्कूटर
तीन ग्रॅमनी हलकी भरली असणार.
आमचा काटा तेवढं दाखवत नव्हता,
आणि तसा काटा मागवावा
असा अर्ज मी केला नाही.