क्लच

पोस्टरवर ती आहे. लाल हेराल्ड,
टप कापलेली, मागे पंचगंगेचा घाट,
नायिकेचा स्कार्फ वाऱ्यावर.
मी दिसत नाही.
मी तिच्या पायाशी आहे,
डाव्या हातात क्लच, उजव्यात ब्रेक,
नाकात पेट्रोल आणि रबरी मॅटचा वास,
वय चौदा, वजन अर्ध्या पोत्याचं.
त्या कामाला दुसरी पात्रता लागत नव्हती.

नायिकेला गाडी येत नव्हती.
नायकालाही येत नव्हती, पण ते कुणी बोलायचं नाही.
स्टिअरिंग त्यांचं, हसणं त्यांचं,
आणि रंकाळ्याच्या कडेला वळण आलं की
वरून एक टाच हळूच माझ्या खांद्यावर:
एकदा म्हणजे थांब, दोनदा म्हणजे सोड.

गाडी अल्लाबक्ष शिकलगारांची.
उद्यमनगरात, लेथच्या खडखडाटात,
भंगारातून उठवलेली.
बॉनेट पुढं उघडायचं, सुसरीच्या जबड्यागत,
चाचा कमरेपर्यंत आत शिरून म्हणायचे,
"दम धर रं, तापलीया ती."

सात नंबरप्लेटी खिळ्याला टांगलेल्या.
सोमवारी मुंबईच्या शेठची,
बुधवारी फौजदाराच्या पोरीची.
एकदा काळी रंगवून स्मगलरची केली
तेव्हा गल्लीतली पोरं तिला दगड मारायची.
पुन्हा लाल झाली
आणि तीच पोरं चाकं पुसायला हजर.

टॉकीजमध्ये तिचा हॉर्न वाजला की पिटातनं शिट्ट्या,
"आली बघ शिकलगाराची!"
नायकाला तेवढी शिट्टी मिळत नसे.
मी आईला कोपरानं ढोसायचो,
"ह्या वळणावर मी हाय."
आई मान वाकवून पडद्याच्या खालच्या कडेला बघायची,
जणू तिथनं दिसणार.
"कुठं रं?"
"खाली."
"मग अंग दुखत असंल की."

मग तो सिनेमा, ज्यात ती गगनबावड्याच्या घाटात पडते.
पडला तो डबा होता.
मेलेल्या फियाटचा सांगाडा, वर हेराल्डचा मुखवटा,
पत्रा ठोकून आम्हीच केलेला,
सीटच्या जागी भुशाचं पोतं.
लाल रंग मीच दिला होता.
तरी तो दरीत गेला, उलटला, पेटला,
तेव्हा माझे हात खुर्चीखाली ब्रेक शोधत होते.

दुसऱ्या दिवशी गॅरेजसमोर माणसं.
तालमीतले दोन पैलवान, टोपी हातात.
भाजीवाली हौसाक्का म्हणाली, "लई वाईट झालं वो."
चाचांनी ताडपत्री ओढली.
"ही बघा की, धडधाकट हाय!"
लोकांनी बघितलं. पत्र्याला हात लावला.
पटलं त्यांना,
पण परत जाताना आवाज खालचाच राहिला.

त्यानंतर तिला काम नाही.
मेलेला नट दिवाळीला दुसऱ्या सिनेमात
बाशिंग बांधून उभा राहतो, कुणी काही म्हणत नाही.
हिचं तसं झालं नाही.
प्रॉडक्शनचे खराडे चहा अर्धा टाकून म्हणाले,
"चाचा, लोकांनी तिला मरताना बघितलंय.
काळी करा, पांढरी करा,
तोंड तेच न्हवं?"

चाचा गेले. पोरानं सीएनसी आणली.
हेराल्ड भिंतीकडेला, विटांवर,
टायर नाहीत, ते फोटोत येत नाही.
लग्नाआधीचे फोटो काढायला जोड्या येतात,
तासाला आठशे, पावती मी फाडतो.

काल एक मुलगी बसली. स्कार्फ तिनं घरनंच आणलेला.
फोटोवाला म्हणाला, "चालवल्यासारखं करा."
तिनं स्टिअरिंग धरलं, हसली,
आणि पाय वर उचलून घेतले.
खाली ऑइल, चपला नव्या.

मी फडकं घेऊन वाकलो, मॅट पुसली.
क्लच अजून तेवढाच कडक आहे.
म्हटलं, "ठेवा की पाय, बिनधास्त.
तिथं आता कोण न्हाई."