काटा

पदवीचा फोटो अजून फ्रिजवर आहे.
त्यातली जसिंता फुटबॉल संघाची ताटं आखते,
उंच तो दुआर्त प्रोटीनचे डबे विकतो, बरा कमावतो.
इरिया मातोझिन्योशच्या इस्पितळात, तळघरातल्या स्वयंपाकघरात
सार्डिन गंधासारखी वाटते
आणि माशाच्याच साच्यात ओतते.

तिसऱ्या मजल्यावर बेल्मिरो. चाळीस वर्षं समुद्रावर,
आता पाण्याचा घोटही घट्ट करून द्यावा लागतो.
चमच्यानं शेपूट मोडत म्हणाला,
"पोरी, ह्याला काटा कुठाय?"

चार वर्षांत ती शिकली होती
एकच काटा, वजनाचा.

दुसऱ्या दिवशी ताटाच्या कडेला
अख्खा काटा, धुतलेला, नुसता बघायला.
त्यानं तो बोटानं सरळ केला,
मग वाटी चाटूनपुसून संपवली.

इरियानं नोंदवलं: आहार पूर्ण.
काट्याचं काही लिहिलं नाही.