तेरा एमएम

रविवार कारंजाला, कुतुबभाईंच्या काउंटरवर
दोन ड्रिल मशीन शेजारी शेजारी.
एक वायरवाली, शेपूट पोटाशी घेऊन बसलेली,
दुसरी बॅटरीची, पिवळी,
नव्या सुनेसारखी स्वच्छ.

"आधी काम सांगा ताई, मग मशीन सांगतो."
मी पर्समधून यादी काढली:
पडद्यांचे दांडे, बाथरूममधला आरसा,
पुस्तकांची फळी, सहा फुटी,
आणि झोपाळ्याचा हूक. स्लॅबमध्ये.

कुतुबभाईंनी चष्मा कपाळावर सारला.
"पडदे, आरसा, फळी, ही पिवळी हसत करेल.
स्लॅबला लावलीत तर तिचा जीव जाईल.
तीन-चार वर्षांनी बॅटरी बसेल
आणि नवी घेताना माझी आठवण काढाल, चांगली नव्हे."
"मग वायरवाली?"
"नातवंडांना पुरेल. चक तेरा एमएम.
फक्त शनिवारी काढू नका."

त्यावर आम्ही दोघंही हसलो.
बँकेला सुट्टी शनिवारची, तीही एकाआड एक,
आणि आमच्याकडे लाइट जाते ती शनिवारीच,
सकाळी नऊला गेली की
येईल तेव्हा खरी.

विचार करते म्हटलं आणि स्कूटर काढली.
पाथर्डी फाट्यापर्यंत डोक्यात
व्होल्ट, वॅट, सहा महिन्यांची वॉरंटी,
आणि एक फालतू प्रश्न:
भिंतीला किती भोकं पाडणार आहे मी या जन्मात?

गेटवर खैरनारकाका.
सातपूरला एकतीस वर्षं टर्नर.
"विकत कशाला? माझी आहे की."
जुन्या चादरीतून निघाली,
अठ्ठ्याऐंशीच्या बोनसची, सगळी लोखंडी,
तेलाचा वास अजून ताजा.
"कार्बन चारदा बदलला. स्वभाव तोच."

मला दाखवायला त्यांनी ती एका हातात उचलली
आणि मनगट थरथरलं.
लगेच खाली ठेवली. म्हणाले,
"चकची चावी कुठे गेली बरं?"
चावी वायरलाच बांधलेली होती,
सुतळीने, दोन गाठी मारून,
दोघांच्याही डोळ्यांसमोर.
मीसुद्धा शोधू लागले.
कपाटाखाली पाहिलं, सोफ्याच्या मागे पाहिलं.

सोमवारी पिवळी घेतली.
कुतुबभाईंनी कारण विचारलं, मी म्हटलं,
वजन.

पुढच्या शनिवारी लाइट गेली.
पिवळी घेऊन आधी त्यांच्याकडे गेले.
"बघा बरं, मला फसवलं तर नाही?"
त्यांनी ती कानाशी धरून फिरवली.
"आवाज कमी आहे. खोटा वाटतो."
मग उठून त्यांनी
स्वयंपाकघराच्या दाराची बिजागरी आवळली,
दोन वर्षं लटकत होती ती.
मग खिडकीची. मग शू रॅकची,
तिला काहीच झालेलं नव्हतं.
माझ्या घरी पोहोचेपर्यंत
बॅटरीचा एकच दिवा उरला होता.
पडद्याचा एक दांडा लागला,
दुसरा अजून तिरका आहे.

हूक रविवारी.
माझ्या हॉलमधला सॉकेट नेमका जळका,
म्हणून त्यांच्या ओट्यावरून एक्स्टेन्शन
कंपाउंडच्या भिंतीवरून, जास्वंदीतून, माझ्या दारात.
स्टुलावर मी, हातात अठ्ठ्याऐंशीची लोखंडी,
खालून काका ओरडतायत:
"दाबू नका! तिला खाऊ द्या!"
पांढरी धूळ केसांत, दातांत, ब्लाउजमध्ये.
सळई लागली तशी ती किंचाळली.
"दोन बोटं डावीकडे घ्या.
हट्ट नको."

दोन बोटं डावीकडे
ती आत गेली.

आवरताना मी वायर
हात आणि कोपराला गुंडाळायला लागले,
आई दोरी गुंडाळायची तशी.
"अंहं. तशी नाही.
आतली तार तुटते, बाहेरून कळत नाही.
मोठे वेढे घ्या. सैल."
मी मोठे वेढे घेतले.
ते मोजत होते, मनात, ओठ हलवत,
आणि चावी प्रत्येक वेढ्याबरोबर
फरशीवर टण् टण् आपटत होती.