दिसू नये म्हणून

सर्जेराव वडणगेकरांचा एअरब्रश
मागून आणलाय बापट कँपातून, दोन दिवसांच्या बोलीवर.
नागपंचमीनंतर त्यांना तो क्षणभर सुटा होत नाही.

जुन्या पेपरवर मिग एकवीस,
बत्तीस पटीनं लहान, तरी लाटण्याहून लांब.
मातकट रंग वाळलाय. आता हिरवा.
कड धूसर यावी म्हणून
शाडूच्या शेवया वळून
पंखांवर नागमोडी मांडतो.

संध्याकाळी ते आलेच बघायला.
नखांत पीतांबराचा पिवळा.
"दिसू नये म्हणून रंगवतोस व्हय?
आमची हयात गेली लेका
लांबनं दिसावं म्हणून रंगवण्यात."

मी चाप दाबला. फुस्स.
शाडू सोलला, तर पंखावर
पन्हाळ्याकडची उतरण,
जळकं गवत, मधेच करवंदीची जाळी.

ते गप्प. चष्मा कपाळावर.
मग वैमानिकाकडे बोट :
"ह्याचं डोळं ऱ्हायल्यात."
म्हटलं, हेल्मेटची काच काळी आहे, दिसणार नाहीत.
"तरीबी."

खिशातून तीन केसांचा ब्रश निघाला.
त्यांनी श्वास धरला. मीही.

काच बसवून महिना झाला.
धूळ पुसताना अजून
मी त्याच्या समोरून
जरा बाजूला सरतो.