वीतभर खोल

ह्यूऑन नदीकडे उतरणारी सफरचंदांची बाग आता बाग नाही;
आठ प्लॉट, पांढऱ्या खुंट्या.
शेजारची म्हातारी युना कुंपणावरूनच सांगते :
बाबा शिशाचं औषध फवारायचे,
पानं पिठासारखी पांढरी.
आम्ही फळ झग्याला पुसून खायचो.
बघ, आहे की मी जिवंत!
तिच्या भावांबद्दल मेरिन विचारत नाही.

चार पिशव्यांत चार कोपऱ्यांतली माती,
वीतभर खोलवरची.
एजंट म्हणतो, सही शुक्रवारपर्यंत.
अहवाल मंगळवारी.

आणि हा जॅस्पर, दीड वर्षाचा,
उकरलेल्या खड्ड्याशी फतकल मारून, गाल फुगवून.
आ कर. आ कर बघू.
त्याने आ केला.
विश्वदर्शन वगैरे काही नाही :
सहा दात, लाळ,
आणि जिभेवर
पाचवा नमुना.